तिघींचं मीठ

परवा शेजारून कटाच्या आमटीचा वास आला आणि कर्वेनगरच्या फ्लॅटमधली माझी पहिली होळी आठवली. सासरचं सगळं गोत जेवायला आलं होतं. पुरण वाटून माझे हात भरून आले होते. मी पोळ्या लाटत असताना तिन्ही नणंदा एकेक करून आत आल्या. "नव्या सुनेचा हात मिठाला आखडताच असतो," म्हणत प्रत्येकीनं न चाखता, न विचारता आमटीत मीठ टाकलं. स्वयंपाकघराच्या दारासमोर पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांनी हे पाहिलं असणारच.

पहिल्या घासालाच आत्तेसासूबाई म्हणाल्या, "वा! समुद्र कुठला, अलिबागचा का?"

नणंदा खाली मान घालून जेवत राहिल्या. माझा नुसता संताप झाला.

सासऱ्यांनी वाटी पुढे केली. "सूनबाई, आणखी वाढ."

"अहो, तुमचं ब्लडप्रेशर!" सासूबाई ओरडल्या.

"आज सण तिचा आहे, ब्लडप्रेशरचा नाही."

तेव्हा मला त्यांचाही रागच आला. लेकींना चार शब्द सुनावायचे सोडून हे आमटी काय पितात! आता वाटतं, लेकींना न दुखावता सुनेची बाजू घ्यायला त्यांच्याकडे तेवढी एक वाटीच होती, आणि ती त्यांनी तळापर्यंत संपवली.