माळ्यावर गेलेले पंप

पंपांच्या कारखान्यात त्यांना सगळे माळी म्हणत. फुलझाडांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. घरातल्या एकुलत्या एका कुंडीलासुद्धा पाणी बायकोच घालायची. माळी म्हणजे माळ्यावरचे. ते नोकरीला लागले तेव्हा ड्रॉइंगच्या खोलीवर लाकडी माळा होता. रोज लागणारी ड्रॉइंगं खाली कपाटात, अधूनमधून लागणारी शिडीपाशी, आणि ज्यांचं नाव कुणी काढत नाही ती वर. कुठलं कुठं जायचं ते हेच ठरवणार आणि शिडीही हेच चढणार. पुढे कागद गेले, कॉम्प्युटर आले, माळा वाळवीनं खाल्ला. नाव तेवढं चिकटून राहिलं.

नवी माणसं हमखास फसायची. हिशेबाकडची एक मुलगी तर सुकलेली कुंडी छातीशी धरून त्यांच्या टेबलाशी आली. "माळीकाका, हिला काय झालंय हो?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कुंडी नीट न्याहाळली. "हिला बरेच दिवस कुणी उघडलेलं दिसत नाही. माळ्यावर टाका."

आता मात्र टाकायचं काम यंत्राकडे गेलं होतं. कुठली फाइल किती वेळा उघडतात यावर यंत्राची नजर. सारखी लागणारी फाइल वेगवान डिस्कवर, कधीमधी लागणारी साध्या डिस्कवर, आणि विसरलेली कॅसेटसारख्या टेपवर. टेपची खोली तळघरात होती, तरी सगळे तिलाच माळा म्हणत. तळघराला माळा म्हणणारा कारखाना दुसरा नसेल.

यंत्राबद्दल माळींची तक्रार नव्हती. शिडीला त्यांचे गुडघे कधीच कंटाळले होते. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता तो एकाच बाबतीत, आणि ती म्हणजे अण्णांची ड्रॉइंगं.

अण्णा जुने ड्राफ्ट्समन. माळींना कारखान्यात आणलं त्यांनीच. त्यांनी काढलेले हातपंप आता कुणी बनवत नव्हतं, पण ड्रॉइंगच्या कडेला ते पेन्सिलीनं जे खरडायचे ते स्कॅनमध्येही जसंच्या तसं उतरलं होतं. 'वॉशर चामड्याचा आहे, भिजायला वेळ द्या.' 'हा बोल्ट रागाच्या भरात आवळू नये.' घरी भांडून येणारा एक फिटर होता, हे त्याच्यासाठी. तो वाचायचा आणि निमूट पाना खाली ठेवायचा.

त्या दिवसांत माळ्यावरचं ड्रॉइंग मागितलं की ते हातात पडायला वेळ लागे. मागणारा तोवर अण्णांच्या टेबलाशी स्टुलावर बसे. चहा येई, गप्पा रंगत. एकदा खरेदी खात्यातली मुलगी आली, आणि वर माळींना ड्रॉइंग चटकन सापडलं. खाली डोकावून पाहतात तर अण्णा तिला हसवत होते. अण्णांनी मान वर केली. "माळी, सावकाश शोध रे! बाईंना घाई नाही!" माळी सापडलेलं ड्रॉइंग काखेत धरून, बाकीच्या गुंडाळ्या उगीच खडखडवत, कितीतरी वेळ धूळ खात बसले. पुढे तीच माळींच्या घरी आली, कुंडीला पाणी घालायला.

तर ही ड्रॉइंगं टेपवर जाऊ नयेत म्हणून माळी रोज जेवणाच्या सुट्टीत ती उघडून ठेवत. एक उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. डबा एका हातानं. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार! कारखान्यात हातपंपांची झुंबड उडाली आहे असं समजून त्यानं सगळे हातपंप वेगवान डिस्कवर नेऊन बसवले. स्कॅन भलतेच जड, आणि ती डिस्क होती लहान. नव्या डिझाइनवाल्यांची कामं खाली ढकलली गेली आणि त्यांचे कॉम्प्युटर रखडू लागले.

विभागप्रमुख मॅडम वयानं माळींच्या मुलीएवढ्या. त्या थेट टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "माळीकाका, आपण हातपंप परत बनवायला घेतलेत का?"

"छे हो. का?"

"यंत्राला तसं वाटतंय. रोज उघडतंय कोण?"

माळींनी डब्याचं झाकण उगाच नीट लावलं. "मीच."

"वाचायला?"

"वाचायला कशाला, पाठ आहेत. माळ्यावर जाऊ नयेत म्हणून."

"तिथून काही पुसलं जात नाही. मला हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"पुसलं जात नाही, पण विचारतं कोण? पुढच्या महिन्यात मी घरी बसणार. मग अण्णांना विचारणारं कुणी उरतं का, सांगा."

"ते खरं. पण डिझाइनची पोरं माझ्या नावानं खडे फोडताहेत. उघडणं बंद करा."

मॅडमचं बरोबर होतं. हे माळींनाही कळत होतं, म्हणून तर जास्त लागलं. घरी बोलले तर बायको म्हणाली, "जन्मभर माळी म्हणवून घेतलंत आणि एक ड्रॉइंग माळ्यावर टाकवत नाही होय!" त्यांनी उघडणं सोडलं. हातपंप एकेक करून साध्या डिस्कवर उतरले, मग टेपवर. माळी रोज ते पाहत आणि डबा न संपवताच झाकून ठेवत.

शेवटच्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले. "एकदाच उघडू? मग जातो."

"उघडा की. बसा."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: 'माळ्यावरून येत आहे. थांबा.' तळघरात यंत्राचा हात टेप शोधायला निघाला असणार. मॅडमनी टेबलावर बोटं वाजवली, घड्याळ पाहिलं, दार पाहिलं. "किती वेळ लावतंय हे!" करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी चहा मागवला आणि खुर्ची माळींकडे वळवली.

"कोण होते हो हे अण्णा?"

माळी सांगू लागले. चामड्याचा वॉशर झाला, तापट फिटर झाला. मॅडम खळखळून हसल्या. मग शिडी आली, स्टूल आलं, आणि स्टुलावर बसलेली खरेदी खात्यातली मुलगी.

तेवढ्यात पडद्यावर ड्रॉइंग उमटलं. कडेला अण्णांची पेन्सिल स्पष्ट दिसत होती. मॅडमची पाठ तिकडे होती.

"मग?" त्या म्हणाल्या. "त्या मुलीचं पुढे काय झालं?"

माळींनी हळूच पडदा आणखी थोडा पलीकडे वळवला आणि चहाचा कप उचलला.

"सांगतो," ते म्हणाले. "अजून यायचंय ते."