वहिनीचा हिरवा चुडा

मैत्रिणींनो, आज दुपारी माझ्या वहिनीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, पूर्ण भूल देऊन. तिला पाचवा महिना आहे आणि दादा बोटीवर.

सिस्टर म्हणाल्या, "बांगड्या काढा." आई अडून बसली, "नको गो, पोटुशीने हिरवा चुडा उतरवू नये."

वहिनीने कळा सोसत बांगड्या उतरवल्या आणि आईच्याच हातात चढवल्या. "मी उठेपर्यंत तुम्ही सांभाळा." बाबा गेल्यापासून आईचे हात रिकामेच होते.

वहिनी शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला बाळाचे ठोके ऐकवले. आई रडत रडत बांगड्या काढायला लागली, तर वहिनी म्हणाली, "राहू देत आई. मला दुसऱ्या आणा."

ऑपरेशनसाठी सगळे तिला धाडसी म्हणतायत. मला तर हे धाडस मोठं वाटतंय. तुम्हाला?