ताईच्या अक्षराचा पाय

सत्तर सालच्या आसपास मी राजारामपुरीतल्या एका छापखान्यात अक्षरं काढायचं काम करत होते. लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीची इंग्रजी आद्याक्षरं छापायची तेव्हा टूम निघाली होती. टोकांना बारीक आडव्या रेघा असलेला साधा इंग्रजी टाइप, म्हणजे छपाईचे खिळे, मालकांकडे होता. त्याच घाटाची, पण नटलेली सव्वीस मोठी अक्षरं मला करायची होती. मी ‘ए’पासून सुरुवात केलीच नाही. आधी ‘आर’ काढला, कारण ताईचं लग्न ठरलं होतं आणि तिचं नाव त्या अक्षराचं.

दुपारी माडीवर काढत बसायची. ‘आर’चा पाय खाली उतरायचा, सावकाश वळायचा, आणि मला तो थांबवावासाच वाटायचा नाही. ताई सासरी मलकापूरला जाणार, तर ही रेघही तिच्याबरोबर तिथवर जाईल, असलं काहीबाही डोक्यात चालायचं. खालून हाका आल्या तरी ऐकू यायच्या नाहीत. शेवटी ती रेघ केसाएवढी बारीक होत पत्रिकेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन टेकली.

पत्रिका केशरी शाईत छापून आल्या आणि आबा, म्हणजे आमचे वडील, भडकले. “नवऱ्याचं अक्षर गप उभं हाय, आन् नवरीनं ह्यो पाय पसरलाय! पावणं काय म्हणतील?”

पुन्हा छापायला वेळ नव्हता. हळदीची आणि कुंकवाची वाटी घेऊन ताई पत्रिकांच्या कोपऱ्यांना बोटं लावायला बसली. त्या उजव्या कोपऱ्यात तिनं कालवलेल्या हळदीचा असा जाड लपका दिला, की माझी रेघ दिसेनाशीच झाली. एकूण एक पत्रिकेवर! मला तिचा इतका राग आला की पाठवणीला मी धड रडलेसुद्धा नाही. उरलेली अक्षरं पुरी केली, पण एकालाही लांब पाय दिला नाही.

दोनेक वर्षांनी मलकापूरला गेले. सोप्यात, दारासमोरच्या भिंतीवर, ती पत्रिका काचेत लावली होती. तीन कोपऱ्यांत कुंकवाचे डाग. खालचा उजवा कोपरा मात्र स्वच्छ, आणि त्यात माझी रेघ, अगदी शेवटच्या वळणापर्यंत.

“ताई, हे कसं काय?”

“तिथं कुंकू लावलंच न्हवतं मी. नुसती हळद,” माझ्या हातात चहा देत ती म्हणाली. “हळद उन्हात उडती की. म्हणून तर पत्रिका हितं, दारातल्या उन्हात, लावाय सांगितली.”

“आन् घरात कोण काय बोललं न्हाय?”

“रेघ दिसाय लागली तवर मी ह्या घरातली झालते.”

कप खाली ठेवून मी रडले. पाठवणीचं राहिलेलं सगळं.