परसदाराला लावलेला कान

ओल्या हळदीचा वास आधी आला, मग पोरगी दिसली. कोल्हापुरातल्या माझ्या छोट्याशा खोलीत सकाळचं तिरपं ऊन उतरलेलं होतं. सहाएक वर्षांची एक मुलगी भिंतीच्या कडेकडेनं आत सरकली आणि तिच्या कपाळावरचा हळदीचा जाड लेप त्या उन्हात पिवळाजर्द उजळून निघाला. लेपाखालचं कपाळ सुजलेलं होतं, दोन ठिकाणी फुटलेलं होतं. हळद म्हटली की आपल्या मनात लग्नघर येतं, देवीचा भंडारा येतो. काय काय मंगल गोष्टी आपण त्या एका रंगाच्या पदरात बांधून ठेवल्या आहेत! त्या दिवसापासून मला मात्र आधी ते कपाळच दिसतं. सृष्टी तिचं नाव. आईबरोबर गडहिंग्लजहून एसटीनं आली होती.

माझा व्यवसाय कुणाला समजावून सांगायचा म्हणजे एक कटकटच आहे. पाटीवर 'वर्तन सल्लागार' असं भारदस्त लिहिलंय खरं, पण रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे विचारतात, "म्हंजे नेमकं काय करता ओ तुमी?" काय करते मी? ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी जाते, बसते आणि बघते. मूल किंचाळतं, चावतं, डोकं आपटतं. त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, हे बघते. जे बोलून सांगता येत नाही ते मूल अंगानं सांगत असतं, एवढ्या एका विश्वासावर माझं पोट चालतं. या मुलांना आपल्याकडं 'स्वमग्न' असं शोभिवंत नाव आहे, जणू तपाला बसलेले मुनीच! मला त्या शब्दाचा भारी राग येतो. ज्यांना आपण आत्ममग्न समजतो, त्यांचे डोळे आणि कान किती आसुसून जगाकडं लागलेले असतात, हे मी घरोघरी पाहिलं आहे. आपल्याकडं न बघणारं मूल आपलं ऐकत नसतं, असं कुणी ठरवलं?

सृष्टीची आई महादेवी. माहेर हद्दीपलीकडचं, कानडी मुलखातलं. सासर गडहिंग्लजचं, घरात मराठी बोलणारं. बाई देखणी, कामसू, आणि इतकी अबोल की माझ्या खोलीत तासभर बसून तिनं मुलीशी उच्चारलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजता आले असते. बस. खा. नको. चल. एसटीच्या पाटीवर लिहावेत तसे ते शब्द, सुटे आणि कोरडे. मुलगी एकही शब्द बोलत नव्हती, आणि आई अशी. दुखणं काय, ते महादेवीनं थोडक्यात सांगितलं. फोन आला की सृष्टी डोकं आपटते; जखम भरत आली की पुन्हा फुटते. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर एक दिवस डोळ्यावर बेतेल. मी म्हटलं, मीच तुमच्या घरी येते.

ऊसतोडीचे दिवस होते. रस्ताभर ट्रॅक्टरमागं रेंगाळत, करपलेल्या पाचटाचा वास घेत मी पोचले. त्यांच्या सोप्यात पाऊल टाकलं तोच महादेवीच्या सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "पावण्यागत काय उभ्या ऱ्हायलाय, टेका की जरा!" मी टेकले. चहा आला, चहाबरोबर चिवडा आला, आणि त्याबरोबर सासूबाईंची अखंड हकिकत. "फोन वाजला की हिच्या अंगातच येतंय बघा, मॅडम. कानाला सोसत न्हाय म्हंत्यात. आमी काय कमी केलं? धून बदलली, भजन लावलं, पाखराचा आवाज लावला. एकदा तर फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला! शेवटी सूनबाईच्या फोनचा आवाजच बंद केला. तरी हाय ते हायच."

त्या बोलत होत्या आणि सृष्टी जमिनीवर चिंचोक्यांची एक लांबच लांब ओळ मांडत होती. किती निगुतीनं! प्रत्येक चिंचोका बोटांत फिरवून, त्याची चमकती बाजू वर करून. एवढ्यात सासूबाईंचाच फोन वाजला. घर दणाणून गेलं. माझ्या हातातला चहा सांडायचा राहिला. सृष्टीनं मान वर केली नाही. मी सावध झाले. थोड्या वेळानं महादेवीचा मुका फोन कट्ट्यावर नुसता थरथरला. तिनं तो उचलला, पदराखाली धरला, परसात गेली आणि बाहेरून दाराला कडी घातली. चिंचोके उधळून सृष्टी दाराकडं धावली. दाराच्या फळीवर कपाळ आदळल्याचा पहिला आवाज मी ऐकला आणि उठले. सासूबाई उशी घेऊन धावल्या, त्यांच्या पुढं होऊन मी फळीवर माझा तळहात धरला. दुसरा तडाखा माझ्या हातावर बसला.

आणि मग ती थांबली. तिनं दाराला कान लावला. श्वाससुद्धा रोखून धरला असावा तिनं. मीही तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसून कान लावला. पलीकडून एक बाई बोलत होती. भरभरून, खळखळून, मध्येच लटकं रागावून, मध्येच आवाज खाली आणून काही चहाडी सांगून पुन्हा हसत. सगळं कानडीत. ही महादेवी? सुट्या कोरड्या शब्दांची ती बाई, आणि फळीपलीकडची ही लाघवी, बडबडी लेक, एकच? पलीकडं बोलणं जरा थांबलं, बहुधा फोनवरचं माणूस काही सांगत असावं, की सृष्टी डोकं आपटायची. बोलणं सुरू झालं की कान लावायची. तिला फोन सोसत नव्हता, असं ते घर समजून बसलं होतं. अहो, तिला तो आवाज हवा होता! कडीपलीकडं गेलेली आपली आई हवी होती.

फोन झाल्यावर मी महादेवीला विचारलं, बाहेर का जाता? ती सासूबाईंकडं बघत राहिली. मग हळूहळू सांगू लागली. दोन वर्षांपूर्वी पोरीचं निदान झालं, तेव्हा कुण्या जाणत्यानं सांगितलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, दोन भाषांनी पोरीचा गोंधळ होतो, म्हणून बोलायची थांबलीय. "तवापास्नं हिच्यासमोर कानडी बंद केलं, मॅडम. मराठी मला कामापुरतं येतंय. लाड करायला येत न्हाय. अक्काचा, थोरल्या बहिणीचा फोन आला की हिच्या कानावर पडू नये म्हणून भाईर जाते." आपल्या माणसांच्या बऱ्यासाठी बायका काय काय सोडतात याची थोडीफार कल्पना मला होती, पण पोरीचं बरं व्हावं म्हणून पोरीशी बोलणंच सोडलेली आई मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या सल्ल्याचा मला भयंकर संताप आला.

मी स्पष्ट सांगितलं. दोन भाषांनी काही बिघडत नाही. या आपल्या सीमेवर अख्खी गावं दोन भाषांत रांगली, वाढली, भांडली. तशी ही मुलंही वाढतात. ती कधी बोलेल, बोलेल की नाही, मला ठाऊक नाही; पण तुम्हाला ज्या भाषेत लाड करता येतो, त्याच भाषेत तिच्याशी बोला. सासूबाईंनी हातातली उशी खाली ठेवली. "म्हंजे दोन वर्सं आमी माय-लेकीत दार घातलं म्हणा की! मीच दटावायची हिला, कानडी नगं, कानडी नगं म्हणून." आणि त्या खणखणीत बाई डोळ्यांना पदर लावून मुसमुसू लागल्या.

मी महादेवीला बहिणीला पुन्हा फोन लावायला सांगितला, इथंच बसून, दार सताड उघडं ठेवून. ती बोलू लागली. पहिल्यांदा अडखळत, चोरट्यासारखी, मग मोकळी. सृष्टी आली. आईकडं तिनं पाहिलं नाही. पाठमोरी बसली आणि आपली पाठ आईच्या पाठीला टेकवली. बोलणारीची पाठ आतून थरथरते, नाही? ती थरथर अंगावर घेत ती निश्चल बसून राहिली. फोन संपला आणि आता पोरीशी थेट बोलायची वेळ आली, तर महादेवीला काही सुचेना. शेवटी तिनं सृष्टीचं कपाळ दोन्ही हातांत धरलं आणि रागावल्या सुरात बाहेर पडलं, "एन माडकोंडी, नन बंगारी?" हे काय करून घेतलंस, माझ्या सोन्या! दोन वर्षांनंतरचं पहिलं बोलणं, आणि ते रागावणं निघालं. आम्ही तिघीही रडलो. सृष्टी तेवढी रडली नाही.

चमत्कार झाला नाही. तसा तो व्हावा असं मला वाटलं नव्हतं, हे म्हणणं खोटं होईल. कपाळ मात्र भरत आलं, सावकाश, मागं-पुढं होत. आईचं बोलणं हवं असेल तर दाखवायला मी एक चित्र दिलं होतं, उघड्या तोंडाचं. सृष्टी ते अधूनमधून दाखवते, बऱ्याचदा दाखवत नाही. परवा मी पुन्हा गेले तेव्हा महादेवी तिची वेणी घालत कानडीत काहीबाही बोलत होती. मला बघून ती थांबली. सृष्टीनं आपलं कपाळ आईच्या खांद्याला टेकवलं आणि हळूच, अगदी हळूच ढोसलं. बोल ना! सोबत आणलेलं दुसरं चित्र मी पर्समधून काढलंच नाही.

चहा पिताना महादेवीनं मला विचारलं, "मॅडम, दोन वर्सं हिला काय वाटलं आसंल ओ? आई फोनशी बोलती, माझ्याशी बोलत न्हाय, असंच ना?" इतकी वर्षं मी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आले आहे. धीर द्यायची वाक्यं माझ्या तोंडी तयार असतात. त्यातलं एकही मला त्या माऊलीसमोर उच्चारवेना. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "म्हणून रोज वेणी घालताना सांगते तिला. का गप्प होते ते. पहिल्यापास्नं सगळं सांगते. कळतंय का न्हाय, काय म्हाईत." पुढ्यात बसलेल्या लेकीच्या केसांतून तिनं फणी फिरवली, आणि माझ्याकडं पाठ करून ती पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.