पत्र्याआडचा हत्ती

लग्न होऊन मी चांदवडहून नाशिक रोडला आले तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या कॉलनीजवळच्या बागेत झोपाळे आणि एक गंजकी घसरगुंडी, एवढंच होतं. एके दिवशी बागेच्या मागच्या कोपऱ्याला चहूबाजूंनी पत्रे लागले आणि वर पाटी आली: ‘येथे मुलांसाठी जंगल होत आहे.’

“जंगल कधी होतं का? ते असतं,” सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून भाजी आणायच्या निमित्ताने मला घेऊन त्या रोज संध्याकाळी बागेत जाऊ लागल्या. घरात आमचं बोलणं मीठ, रॉकेल आणि नळाचं पाणी यांपुरतंच. पत्र्याच्या फटीला डोळा लावला की मात्र त्यांना किती सांगू आणि किती नको असं व्हायचं.

त्या फटीवर आणखी एकाचा हक्क होता. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब आमच्या आधीच येऊन उभे असत आणि दिवसभराची बातमी देत. “आज सळ्या आल्या. चार पाय उभे राहिलेत.”

सांगाडा वर चढू लागला तसा वाद पेटला. गार्डसाहेब म्हणाले, उंट.

“हत्ती!” सासूबाई म्हणाल्या. “पाय बघा की. उंटाचे पाय एवढे जाड असतात का?”

“मग पाठ मधेच उंच कशी?”

“अंबारी असंल.”

मी हळूच म्हटलं, “जिराफ असेल.” दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे बरेच दिवस मत दिलं नाही.

मग सिमेंट मिळेना म्हणून काम थांबलं. मजूर गेले. सांगाड्यावर कुठलासा वेल चढला, त्याला पिवळी फुलंही आली. आमचं जाणं काही थांबलं नाही. “आता खरंच जंगल झालं,” गार्डसाहेब म्हणत, आणि आम्ही तिघं फुलं बघून परत येत असू.

दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू झालं. एका संध्याकाळी फटीतून पाहिलं तर पुढून निघालेल्या सळ्या वळत वळत जमिनीला टेकल्या होत्या. “सोंड! सोंड!” सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की आतला मिस्त्री धावत बाहेर आला. काय झालं ते कळल्यावर हसला आणि पत्रा बाजूला सरकवून म्हणाला, “मावशी, रोज बाहेरूनच बघता, आत या ना.”

त्यानंतर आम्ही आतलेच झालो. सोंडेची घसरगुंडी तयार झाली तेव्हा मिस्त्री म्हणाला, “पोरं बसायच्या आधी कुणीतरी वजनदार माणूस बसवून बघायला पाहिजे. आमचे गडी सगळे काटकुळे.”

गार्डसाहेब आपल्या गुडघ्यांकडे पाहू लागले. सासूबाईंनी पदर खोचला. “मी बसते.”

“आई, अहो, पडाल!”

“हत्ती कोण म्हणत होतं? मग पहिला मान माझा.”

हत्तीच्या पोटातल्या पायऱ्या चढून त्या कपाळापाशी उगवल्या. गार्डसाहेबांनी गाडी सोडावी तसा रुमाल हलवला आणि सासूबाई निघाल्या. निम्म्यावर येऊन थांबल्या. सोंडेवरचं मोझॅक अजून खरखरीत होतं, त्यांचं लुगडं अडकलं. ना वर जाता येईना, ना खाली.

“सूनबाई, बघतीस काय? ढकल!”

मी धावत वर गेले, मागे बसले आणि जोर लावला. दोघी एकमेकींवर आदळत थेट वाळूत. लुगडं टरकलं होतं, माझ्या बांगड्या फुटल्या होत्या आणि सासूबाई वाळूत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी सोंड पुन्हा घासायला घेतली.

उद्घाटनाला एवढी मुलं आली की रांग मोडली. सासूबाई सोंडेपाशी उभ्या राहून एकेकाला सोडत होत्या. “पाय सरळ ठेव. घाबरतोस काय, आम्ही बघितलंय बसून!”

गर्दी ओसरल्यावर गार्डसाहेब थोडे उदास दिसले. “आता संध्याकाळी काय बघायचं?”

“शाळेमागं पाण्याच्या टाकीचा खड्डा खणलाय म्हणे,” मी म्हटलं.

सासूबाईंनी पिशवी उचलली. “गोल होणार का चौकोनी?”

“चौकोनी,” गार्डसाहेब चालता चालता म्हणाले.

“गोल!” मी म्हटलं.