लेकरं पुरायच्या जागेवरचं घर

आमच्या वस्तीत पोरं मरेनाशी झाली आणि राहायला जागा पुरेनाशी झाली. माझ्या आधीची मायची दोन लेकरं तापानं गेली होती. माझ्यापासूनची सगळी जगली. फवारणीवाले भिंतींवर पांढरं औषध मारून जात, देवी टोचणारा येई, आणि घरोघरी पाळणा हलत राही. आनंदाचीच गोष्ट, पण एका खोलीत आम्ही इतके झोपायचो की एकानं कूस बदलली तर सगळ्यांना बदलावी लागे. विहीर होळीआधीच तळ गाठू लागली. जळणासाठी माय पूर्वी नाल्यापलीकडे जायची, आता पार टेकडीपर्यंत जाऊ लागली, कारण मधलं पळसाचं रान तोडून लोकांनी तिथं कपाशी लावली होती.

शेवटी गावानं आम्हाला घरांसाठी जागा दिली. कुठली, तर नाल्याकाठचा तो तुकडा, जिथं आमची वस्ती लहान लेकरं पुरायची. आता तिथं फारसं कुणाला पुरावं लागत नव्हतं, म्हणून ती रिकामी. देणाऱ्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यातही नाल्याकडचा कोपरा कुणी घेईना, तो बाबांनी घेतला.

मायनं ऐकलं आणि तव्यावरची भाकर करपली तरी ती हलली नाही. मांडीवर माझा सगळ्यात लहान भाऊ होता.

"याले घेऊन मी तिथं झोपू?"

"आपण दीक्षा घेतली," बाबा म्हणाले. "आता भूतखेत मानाचं नाही."

"भूत कोण म्हणते? माहे लेकरं हायेत ते. कुठं हायेत एवढं तरी सांगा. त्यायच्यावर चूल नाही मांडाची मले."

पुरायला बायका जात नसत. दोन्ही वेळा बाबांनीच नेलं होतं. ते म्हणाले, "मले याद नाही," आणि ढाणकीच्या बाजाराला निघून गेले. मला त्यांचा भयंकर राग आला.

घर उभं राहिलं. मेढींच्या लाकडी खांबांसाठी बाबा खड्डे खणत होते तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले होते. काही निघालं नाही, म्हणून भीती आणखीच वाढली. म्हणजे ते अजून खालीच कुठंतरी होते. मी अंगणातून टाचा उचलून चालायची. माय सारवताना हात इतका हळू फिरवी, जणू खाली कुणी झोपलंय. लहान्याला ती जमिनीवर टेकवतच नसे.

आणि त्याला ताप आला. पुढं तो साधाच निघाला, पण त्या दुपारी ते आम्हाला कुठं ठाऊक. पोराचं अंग तापलेलं, डोळे अर्धवट उघडे. माय म्हणाली, "बोलावून राह्यले ते याले."

तेवढ्यात बाहेर फावड्याचा आवाज आला. शेजारची जागा काकांची होती. त्यांनी आमच्या कुडाला लागून, थोडं आमच्या कोपऱ्यात सरकून, भिंतीचा पाया खणायला घेतला होता. बाबा एकदम उठले, धावत बाहेर गेले आणि काकांचा हात धरला.

"तिथं नको रे. हात लावू नको तिथं."

मायच्या लक्षात आलं. माझ्याही. ती तापलेलं पोर घेऊन दारात आली.

"दोघंही?"

बाबांनी मान हलवली.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू तिथंच बसून राह्यली असती. अन् हा कोपरा दुसऱ्यानं घेतला असता तं त्यानं खणलं असतं."

माय जाऊन त्या जागेशी बसली, लहान्याला छातीशी घट्ट धरून, आणि मातीला म्हणाली, "एवढा राहू द्या मले." काकांनी फावडं खाली ठेवलं. मला वाटलं, बाबा आता तिला ओरडून उठवतील. ते तिच्याजवळ उकिडवे बसले.

"राहू द्या रे बाबू याले," तेही मातीलाच हलकेच म्हणाले.