देवळालीहून आलेली चाल

मी कुवेतला निघालो त्या दिवशी नाशिकमध्ये लग्नाची मोठी तिथी होती. माझे वडील, अप्पा, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एका लग्नातून ते तसेच स्टँडवर आले, लाल कोट आणि सोनेरी झुपक्यांसकट. मुंबईची बस लागली होती. आई रडत होती. अप्पा एवढंच म्हणाले, “पोचलास की कळव. मला पाठवणीला परत जायचंय.”

पाठवणीला ते कायम एकच चाल वाजवत. संथ, शेवटी हळूहळू खाली उतरणारी. आमच्या घरात तिला ‘इंग्लिश चाल’ म्हणायचे. नाशिकच्या कितीतरी मुली त्या चालीवर सासरी गेल्या.

कुवेतच्या अब्बासिया भागातली पहिली वर्षं चौघांच्या खोलीत गेली. सकाळी कंपनीची बस, दिवसभर अर्दियातल्या गोदामाचं अकाउंट्स, येताना बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, खुबूसच्या रोट्या आणि दही. तुमच्यातले जे इकडे आलात त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढे लग्न झालं, रेवा इथेच जन्मली. मराठी तिला कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

मधल्या काळात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. ओठ वाकडा झाला, फुंकर टिकेना. क्लॅरिनेट त्यांनी शिष्याला देऊन टाकलं आणि बोलणंही जवळपास सोडलं. शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलवर आजोबा-नातीचं “कशी आहेस?” “फाइन” यापुढे सरकत नसे.

मागच्या वर्षी रेवा शाळेच्या कार्यक्रमासाठी एक जुनं अमेरिकन गाणं घोकत होती. मी ओट्यापाशी कांदा चिरत होतो. हात थांबला. तीच चाल!

तिच्या बाईंनी वर्गात गाण्याचा इतिहासही सांगितला होता. मुळात ते एका विनोदी नाटकातलं, उडत्या ठेक्याचं. नाटक पडलं. पुढे एका गायिकेनं तेच संथ म्हटलं आणि लोक रडले. मग महायुद्धात घर सोडून निघालेल्या सैनिकांनी ते देशोदेशी नेलं.

शुक्रवारी मी तिला अप्पांसमोर गायला लावलं. पहिल्याच ओळीला त्यांची मान वर आली. शेवटच्या ओळीला त्यांनी हात केला.

“थांब. घाई करतेस. उतरताना श्वास घे.”

शब्द बोबडे होते. रेवानं माझ्याकडे पाहिलं, “ब्रीद?” मी मान डोलावली. ती पुन्हा गायली.

“हां,” अप्पा म्हणाले.

मग अडखळत त्यांनी सांगितलं की, ही चाल त्यांच्या उस्तादांनी लढाईच्या काळात देवळालीच्या छावणीबाहेर ऐकून उचलली होती. सोल्जर गाडीत चढताना त्यांचा बँड ती वाजवायचा. उस्तादांना इंग्रजी येत नव्हतं. निरोपाचं काहीतरी आहे एवढंच त्यांनी ओळखलं.

“शब्द काय आहेत गं?” अप्पांनी विचारलं. आयुष्यभर वाजवलेल्या गाण्याचे शब्द!

रेवानं मोडक्या मराठीत जुळवाजुळव केली. “एक माणूस लांब जातो. तो म्हणतो, दारात उभी नको राहू. आत जा. जेव.”

मागून आईचा आवाज आला, “एवढंच म्हणायचं होतं, तर तोंडानं म्हणायचं होतंत!” आणि अप्पा वाकड्या ओठांनी हसले. कितीतरी दिवसांनी.

आता शुक्रवारी फोन रेवाच लावते. अप्पा तिला सुरावरून ओरडतात, ती चुकीच्या मराठीत त्यांच्याशी वाद घालते. मी शेजारी बसून मेथी निवडतो. तासभर मला कुणी हाकही मारत नाही. पूर्वी फोन ठेवला की घर लांब वाटायचं. हल्ली वाटत नाही. घरातच बसलेल्या माणसाला कोण हाक मारतं?